स्वस्त तिकीट आणि अडकलेले पैसे : ‘गो फर्स्ट’ प्रकरणाचा अभ्यास

२ मे २०२३ रोजी, उन्हाळी सुट्टीतील प्रवासाचा हंगाम ऐन भरात असताना, वाडिया समूहाच्या ‘गो फर्स्ट’ या स्वस्त विमान कंपनीने दिल्लीतील राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि ३ मेपासूनची उड्डाणे रद्द केली. आधी ही स्थगिती दोन-तीन दिवसांपुरती असल्याचे सांगण्यात आले. मग ती ९ मेपर्यंत, मग १२ मेपर्यंत, मग १९ मेपर्यंत अशी पुढे सरकत गेली. त्यानंतर या कंपनीचे प्रवासी विमान पुन्हा कधीच उडाले नाही. स्वस्त विमानसेवेबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा सामानाचे जादा पैसे, पाय ठेवायला अपुरी जागा आणि पाण्याच्या बाटलीची किंमत यांच्याभोवतीच घोटाळते. या गैरसोयी खऱ्या असल्या, तरी त्या तिकीट काढतानाच ठाऊक असतात आणि त्यांची किंमत मोजता येते. विमान उडणारच नसेल तेव्हा प्रवाशाच्या हाती काय उरते, ही बाजू मात्र तिकिटावर कुठेच छापलेली नसते, आणि तिचा हिशेब करण्यासाठी ‘गो फर्स्ट’इतके स्पष्ट भारतीय प्रकरण दुसरे सापडणे कठीण आहे.

कंपनीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ‘गोएअर’ या नावाने तिची सेवा नोव्हेंबर २००५ मध्ये मुंबईहून सुरू झाली. कॅप्टन गोपीनाथ यांच्या ‘एअर डेक्कन’ने २००३ मध्ये स्वस्त विमानप्रवासाचे दार उघडले होते, २००५ च्याच मे महिन्यात ‘स्पाइसजेट’ आली होती आणि पुढच्या वर्षी ‘इंडिगो’ येणार होती. या गर्दीत ‘गोएअर’ बराच काळ सावधपणे, हळूहळू वाढणारी कंपनी म्हणून ओळखली गेली. मे २०२१ मध्ये तिने ‘गो फर्स्ट’ हे नाव घेतले, अतिस्वस्त सेवेचे धोरण जाहीर केले आणि ३,६०० कोटी रुपयांच्या समभागविक्रीसाठी कागदपत्रे सादर केली. ती विक्री झालीच नाही. बंद पडली तेव्हा कंपनीच्या ताफ्यात पन्नासहून अधिक विमाने होती आणि देशांतर्गत प्रवाशांमधील तिचा वाटा सहा-साडेसहा टक्के होता.

विमान कंपनी स्वस्त कशी होते, हे इथे नीट पाहिले पाहिजे, कारण प्रकरणाचे मूळ त्यातच आहे. ताफ्यात एकाच जातीची विमाने ठेवली की वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, तंत्रज्ञांचे परवाने, सगळेच आटोपशीर होते. विमान उतरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडवले की तेच विमान दिवसाला एखादी फेरी जास्त करते. एकच वर्ग, दाटीने बसवलेल्या आसनांच्या रांगा, खाणे-पिणे विकत, तिकिटांची विक्री शक्यतो स्वतःच्या संकेतस्थळावरून, आणि दुसऱ्या विमान कंपन्यांशी प्रवासी अदलाबदलीचे करार शक्यतो नाहीत. भारतात विमान चालवण्याच्या खर्चात इंधनाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर राज्यांचा कर वेगळा. त्यामुळे इंधन वाचवणारे नवे इंजिन हीसुद्धा या सूत्रातली अपरिहार्य गोष्ट ठरते. यातली प्रत्येक काटकसर म्हणजे एकेक राखीव साठा कमी करणे असते. जादा विमान नाही, दुसऱ्या जातीचे विमान नाही, दुसऱ्या कंपनीकडे प्रवासी पाठवण्याची सोय नाही. सगळे सुरळीत असताना हा साठा निरुपयोगी वाटतो आणि तो नसल्याचा फायदा तिकिटाच्या दरात प्रवाशालाही मिळतो.

‘गो फर्स्ट’ने एअरबस ए३२० निओ हे विमान निवडले आणि त्यासाठी अमेरिकेच्या ‘प्रॅट अँड व्हिटनी’ कंपनीचे गिअर असलेले पीडब्ल्यू ११००जी हे इंजिन घेतले. हे इंजिन आधीच्या पिढीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी इंधन जाळते, असा त्याचा लौकिक होता. पण २०१६ पासूनच त्याच्या ज्वलनकक्षात, टर्बाइनच्या पात्यांत आणि गिअरबॉक्समध्ये दोष निघू लागले. मार्च २०१८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) या इंजिनांच्या ठरावीक मालिकेतील ११ निओ विमाने जमिनीवर उतरवली, त्यांत आठ ‘इंडिगो’ची आणि तीन ‘गोएअर’ची होती. इंजिन दुरुस्तीला जायचे, पण बदली इंजिन वेळेवर मिळायचे नाही. कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार इंजिनाअभावी उभ्या असलेल्या विमानांचे प्रमाण डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के होते, ते डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के झाले. १ मे २०२३ रोजी २५ विमाने अशी उभी होती. उभ्या विमानाचेही भाडे द्यावे लागते, कारण ही विमाने परदेशी कंपन्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असतात. मिळकत अर्धी आणि भाडे मात्र पुरे, हा हिशेब कोणत्याही कंपनीला फार काळ पेलवत नाही.

सगळा दोष इंजिन बनवणाऱ्यांवर ढकलणे कंपनीच्या सोयीचे होते आणि तिने तेच केले. सिंगापूरच्या लवादात आपत्कालीन लवादाने मार्च २०२३ मध्ये तिच्या बाजूने निर्णय दिला : २७ एप्रिलपर्यंत किमान दहा चालू स्थितीतील इंजिने द्यावीत आणि वर्षअखेरपर्यंत दरमहा आणखी दहा. इंजिने आली नाहीत. ‘प्रॅट अँड व्हिटनी’चे म्हणणे असे की, ‘गो फर्स्ट’ची देणी थकवण्याची सवय जुनी आहे. ‘इंडिगो’कडेही हीच इंजिने होती आणि तिचीही विमाने उभी राहिली, पण तिचा ताफा कितीतरी मोठा होता आणि २०१९ मध्येच तिने पुढच्या विमानांसाठी दुसऱ्या उत्पादकाची इंजिने मागवून ठेवली होती. तेव्हा इंजिनाचा दोष हे निमित्त खरे, परंतु एकाच इंजिनावर सगळा ताफा उभा करून हाताशी पुरेशी रोकड न ठेवणे, हा निर्णय कंपनीचाच होता, असे माझे मत आहे.

आता प्रवाशाकडे वळू. विमानाचे तिकीट महिनोन्महिने आधी काढले की ते स्वस्त मिळते, हे आपण सगळेच जाणतो. कंपनीच्या बाजूने या व्यवहाराचा अर्थ वेगळा असतो : मे महिन्यातल्या प्रवासाचे पैसे तिच्या खात्यात फेब्रुवारीतच जमा होतात आणि त्यातून फेब्रुवारीचे इंधन, भाडे व पगार भागतात. आगाऊ तिकीट काढणारा प्रवासी म्हणजे बिनव्याजी आणि बिनतारणाचे कर्ज देणारा सावकारच होय, मात्र कर्ज देताना त्याने ऋणकोची पत तपासलेली नसते. सुदृढ कंपनीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. आजारी कंपनीला मात्र रोकड लागते, म्हणून ती दर आणखी उतरवून पुढच्या तारखांची तिकिटे विकते. त्यामुळे सर्वांत आकर्षक दर नेमका सर्वांत जोखमीच्या वेळी पुढे येण्याची शक्यता असते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत, पण प्रमाण त्या उन्हाळ्याला धरून आहे. डोंबिवलीचे चार जणांचे कुटुंब २० मेला मुंबईहून श्रीनगरला जाणार आहे. फेब्रुवारीत त्यांना ‘गो फर्स्ट’चे जाण्या-येण्याचे तिकीट माणशी १२,००० रुपयांना मिळते, दुसऱ्या कंपनीचे १५,०००ला. चौघांचे मिळून १२,००० रुपये वाचतात. तेवढ्यात गुलमर्गची गोंडोला आणि एक-दोन शिकारे सहज निघतात. हाउसबोट, हॉटेल आणि गाडी यांची आगाऊ रक्कम वेगळी भरलेली आहे. २ मेला बातमी येते. २० मेचे विमान मात्र कागदोपत्री अजून रद्द झालेले नाही, कारण कंपनी एकेका आठवड्याचीच उड्डाणे रद्द करत आहे.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत कठीण काळ हा होता, आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. ज्यांचे उड्डाण ३ किंवा ४ मेला होते, त्यांच्यापुढे प्रश्न निदान स्पष्ट होता. २० मेच्या प्रवाशाने स्वतःहून तिकीट रद्द करावे, तर तो ऐच्छिक रद्दीचा प्रकार ठरून दंड कापला जाण्याची भीती; थांबावे, तर उरलेल्या कंपन्यांची तिकिटे रोज महाग होणार. रेल्वेचा पर्याय पाहावा, तर त्या वेळी आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे आणि मे महिन्यातली वांद्रे टर्मिनस–कटरा स्वराज एक्सप्रेस मे महिन्यात मिळेल, ही आशा भाबडीच. मिळालीच, तरी काश्मीर खोऱ्यात रेल्वेने थेट जाण्याची सोय २०२३ मध्ये नव्हती. जम्मूपासून पुढे घाटातला रस्ता होता. शिवाय मुलांची शाळा, मोठ्यांची रजा आणि हॉटेलची तारीख यांतले काहीच हलत नाही. अशा वेळी बहुतेक कुटुंबे थांबतात, आणि थांबण्याची किंमत सर्वांत जास्त पडते.

समजा, या कुटुंबाने ८ मेच्या सुमारास नवी तिकिटे माणशी २४,००० रुपयांना काढली. म्हणजे ९६,००० रुपये नवे गेले आणि ४८,००० रुपये अडकले, एकूण १,४४,०००. फेब्रुवारीतच दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढले असते, तर ६०,००० रुपयांत भागले असते. जादा फटका ८४,००० रुपयांचा, आणि तो पत्करला १२,००० वाचवण्यासाठी. वरवर पाहता हा शुद्ध मूर्खपणा वाटेल, पण तो तसा नाही. कंपनी बंद पडण्याची शक्यता आठात एक यापेक्षा कमी असेल, तर याच आकड्यांवर स्वस्त तिकीट घेणे फायद्याचे ठरते, आणि चालत्या विमान कंपन्यांच्या बाबतीत ही शक्यता एरवी त्याहून कितीतरी कमी असते. ‘गो फर्स्ट’च्या बाबतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये ती किती होती? अर्धा ताफा उभा असल्याचे उघड होते, विमाने उशिरा धावत होती, आणि डीजीसीएच्या मासिक आकडेवारीत कंपनीचा हिस्सा जानेवारीत आठ टक्क्यांच्या वर होता, तो एप्रिलपर्यंत साडेसहाच्या खाली घसरला. ही आकडेवारी दरमहा प्रसिद्ध होते आणि कोणालाही वाचता येते. ती वाचून तिकीट काढणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. तशी अपेक्षा करणेही फारसे वाजवी नाही.

पर्यायी तिकीट महाग का झाले, याचे उत्तर सरळ आहे. १९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन कायदा रद्द झाल्यापासून देशात विमानभाडे बाजारावर सोडलेले आहे. तोवर कोविडकाळातील मे २०२० ते ऑगस्ट २०२२ ही मर्यादा तेवढी अपवाद होती. मे २०२३ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १.३२ कोटींवर गेली, तो त्या वेळचा उच्चांक होता, आणि नेमक्या त्याच महिन्यात पन्नासेक विमानांची कंपनी गळाली. श्रीनगर, लेह, पुणे यांसारख्या तिच्या मार्गांवर दर इतके चढले की ५ जूनला नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना कंपन्यांची बैठक घेऊन भाडी आवरण्याची सूचना करावी लागली. मे महिन्यात ‘इंडिगो’चा हिस्सा साठ टक्क्यांपलीकडे गेला. ज्या स्पर्धेने दर खाली ठेवले होते, तिच्यातलाच एक भिडू गेल्याने उरलेल्या प्रवाशांनाही त्याची झळ बसली. ‘गो फर्स्ट’चे तिकीट कधीच न काढलेल्या माणसालाही.

परताव्याच्या बाबतीत नियम आणि वास्तव यांतील अंतर या प्रकरणात विलक्षण स्पष्ट दिसते. डीजीसीएच्या त्या वेळच्या नियमांनुसार कंपनीने उड्डाण रद्द केल्यास प्रवाशाला पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मिळाला पाहिजे. २४ तास आधीही कळवले नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल तेवढी भरपाई. आणि क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत. हे सगळे नियम कंपनी जिवंत आहे असे धरून लिहिलेले आहेत. डीजीसीएने ४ मेला नियमाप्रमाणे परतावा देण्याचे आदेश दिले आणि ८ मेला कारणे दाखवा नोटीस देऊन तिकीटविक्री ताबडतोब थांबवायला सांगितले. अर्ज २ मेचा आणि विक्रीबंदीचा आदेश ८ मेचा, हे मधले दिवस खटकतात. १० मेला न्यायाधिकरणाने अर्ज स्वीकारला आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे कंपनीवरच्या वसुलीला स्थगिती लागू झाली. ज्यांचे पैसे तोवर परत गेले नव्हते, त्यांचा ‘परतावा’ त्या दिवसापासून ‘दावा’ झाला, आणि दावा म्हणजे रांग.

त्या रांगेचा क्रम संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेले धनको, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन, मग बिनतारणाचे वित्तीय धनको, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर ‘इतर देणी’, ज्यांत सेवेसाठी आगाऊ पैसे भरलेला ग्राहक मोडतो. अर्जात एकूण देणी ११,४६३ कोटी रुपयांची दाखवली होती, त्यांपैकी ६,५२१ कोटी वित्तीय संस्थांची. सेंट्रल बँक ऑफ इंडिया, बँक ऑफ बडोदा, आयडीबीआय बँक ही त्यांतली मुख्य नावे. विमाने भाड्याची असल्याने विकून पैसे उभे करावेत अशी मालमत्ताही फारशी नव्हती. अशा रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या डोंबिवलीच्या कुटुंबाने ४८,००० रुपयांची काय आशा धरावी?

पैसे कोणत्या मार्गाने भरले होते, यावर इथे बरेच काही ठरले. क्रेडिट कार्डाने भरणाऱ्याला ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम परत, मागता येतो. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड जाळ्यांच्या नियमांत त्यासाठी साधारणपणे सेवेच्या ठरलेल्या तारखेपासून १२० दिवसांची मुदत असते, आणि हा मार्ग दिवाळखोरीच्या रांगेबाहेरून जातो. यूपीआयने किंवा खात्यातून थेट भरणाऱ्याला एवढा भक्कम मार्ग नसतो. एजंटकडून तिकीट काढलेल्यांची अवस्था आणखी विचित्र होती, कारण एजंटांनी कंपनीकडे आगाऊ ठेवलेल्या रकमाच अडकल्या होत्या. ओळखीचा एजंट स्वतःच्या खिशातून पैसे देईल, तर ते त्याच्या भिडेखातर. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत विमान कंपनीची दिवाळखोरी वगळलेली असते, ती ओळ छोट्या अक्षरांत सापडते. ब्रिटनमध्ये १९७३ पासून पॅकेज सहलींसाठी ‘एटोल’ ही संरक्षण योजना आहे. आपल्याकडे तिच्यासारखे काही नाही.

हे सगळे स्वस्त कंपनीमुळेच घडते का? नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय प्रकरणाला न्याय मिळणार नाही. २०१२ मध्ये बंद पडलेली ‘किंगफिशर’ आणि एप्रिल २०१९ मध्ये थांबलेली ‘जेट एअरवेज’ या दोन्ही खाण्यापिण्यासकट सेवा देणाऱ्या, महागड्या कंपन्या होत्या; त्यांच्या प्रवाशांचेही पैसे अडकलेच. उलट देशातली सर्वांत टिकाऊ ठरलेली कंपनी स्वस्त विमानसेवेच्या सूत्रावरच वाढली. म्हणून ‘स्वस्त म्हणजे धोक्याचे’ हा निष्कर्ष मला पटत नाही. धोका प्रवासाच्या स्वरूपाशी जास्त निगडित आहे. मुंबई–नागपूर मार्गावर दिवसभरात अनेक उड्डाणे असतात, रात्रीची रेल्वे आहे, समृद्धी महामार्ग आहे, आणि तिकीट सहसा आठ-पंधरा दिवस आधी काढलेले असते. तिथे सर्वांत स्वस्त तिकीट घेण्यात गमावण्यासारखे फारसे नाही. लेह, श्रीनगर किंवा पोर्ट ब्लेअर इथे पर्याय मोजके, रक्कम महिनोन्महिने अडकलेली, आणि विमान चुकले तर हॉटेलपासून गाडीपर्यंत सगळी साखळी तुटते. तिथे दोन-तीन हजारांची बचत ज्या कंपनीकडून मिळते, तिची किती विमाने उडत आहेत हे पाहून घेणे आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरणे, एवढी खबरदारी त्या बचतीच्या तुलनेत फार स्वस्त आहे.

पुढचा घटनाक्रम प्रवाशांपेक्षा विमानमालकांभोवती फिरला. १० मेच्या स्थगितीमुळे भाडे थकलेले असूनही त्यांना आपली विमाने परत नेता येईनात. जुलैमध्ये डीजीसीएने १५ विमानांनिशी सेवा पुन्हा सुरू करण्याच्या योजनेला सशर्त मान्यता दिली, पण त्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमाने आणि इंजिने या स्थगितीतून वगळली. २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा आदेश डीजीसीएला दिला आणि विमाने मालकांकडे परत गेली. २० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढली, म्हणजे उरलेली मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी संसदेने केपटाउन या आंतरराष्ट्रीय कराराला अनुसरून विमानांवरील हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला, ज्यामुळे यापुढे कंपनी बुडाल्यास विमानमालकांना विमान परत मिळवण्याचा मार्ग बराच आखूड होईल. विमाने भाड्याने मिळणे त्यामुळे स्वस्त होईल, असा या कायद्यामागचा तर्क आहे आणि तो योग्यही आहे. आगाऊ तिकीट काढलेल्या प्रवाशाबद्दल त्या कायद्यात काही तरतूद नाही, आणि कलम ५३ मधील त्याची जागा आहे तिथेच आहे.